घरची कुल्फी, पेप्सी आणि पर्यावरण: डोकं कुठे लावायचं आणि कुठे सोडून द्यायचं

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरी असली की कुल्फी, पेप्सी (नळीतली, बाटलीतली नाही), आइस कँडी हे सगळं घरीच करायचं खूळ येतं, आणि हल्ली त्याच्यासोबत वादपण येतात. काडी लाकडाची बरी का, साचा सिलिकॉनचा चालेल का, फ्रीजर जास्त चालला तर काय. वाद चांगलाच आहे, पण बहुतेक वेळा भलत्या जागी अडकतो. काडीवरून अर्धा तास तावातावाने बोलणं चालू असतं आणि शेजारी गॅसवर दोन लिटर म्हशीचं दूध आटत असतं, तिकडे कुणाचं लक्षच नाही. म्हणून मी क्रम उलटा लावलाय, जे मोठं ते आधी आणि किरकोळ ते शेवटी, त्याच क्रमाने करत जा.

पायरी १: दुधाचं करायचं की पाण्याचं, ते आधी ठरवा

सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. एक लिटर दूध घरी येईपर्यंत साधारण दोन ते तीन किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार झालेला असतो, त्यातला बराचसा गाई-म्हशी रवंथ करताना सोडतात त्या मिथेनचा आणि चाऱ्याचा. जनावर कुठलं, चारा कसा, यावर आकडा खालीवर होतो, पण अंदाज यायला पुरे.

आता गोठवायचा खर्च बघा. ३० अंशाचं एक लिटर पाणी उणे १८ पर्यंत न्यायला त्यातून साधारण ५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, फ्रीजला त्यासाठी ०.१ युनिटच्या आसपास वीज लागते, दार उघडझाप वगैरे धरून दुप्पट म्हणा. आपल्याकडे एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे झाले ७० ते १४० ग्रॅम. दुधाच्या किलोंपुढे हे काहीच नाही, त्यामुळे फ्रीजर चालतो म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, तो तसाही चालूच असतो.

याचा अर्थ कुल्फी बंद असा अजिबात नाही, कुल्फीशिवाय मे महिना कसला. मी इतकंच म्हणेन की रोज मागतात ती पन्ह्याची, कोकमाची किंवा कलिंगडाची कँडी द्या आणि कुल्फी रविवारी, पाहुणे आले की. ज्यांच्याकडे नारळ घरचे आहेत त्यांनी नारळाच्या दुधाची करून बघा, चव वेगळी लागते पण गूळ-वेलची घातली तर छानच होते, आणि उरलेला चोथा चटणीत किंवा वड्यांत जिरतो.

पायरी २: कुल्फी करताय तर दूध कमी आटवा

दोन लिटर दूध आटवून एक लिटर करायचं म्हणजे एक लिटर पाणी वाफ करून हवेत सोडायचं, आणि पाण्याची वाफ करायला ते गोठवण्याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. हिशोब केला तर १०० ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, त्याचे ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे गोठवण्यापेक्षा आटवणंच महाग, दुपटीच्या वर. कढई रुंद घेतली की वेळ वाचतो हे खरं, पण गॅस फार वाचत नाही कारण वाफ तेवढीच करायचीय. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत एवढं मात्र नक्की बघा.

खरी बचत दूधच कमी घेण्यात आहे. माझं प्रमाण असं: एक लिटर फुल क्रीम दूध उकळायला ठेवा, पाऊण लिटर होईपर्यंतच आटवा. आदल्या दिवशीच्या ब्रेडचे दोन स्लाइस (कडा काढल्या तर त्या वाळवून ब्रेडक्रम्ब करा, टाकू नका) थोड्या गार दुधासोबत मिक्सरमधून काढा आणि उकळत्या दुधात घालून तीन-चार मिनिटं ढवळा. पाच-सहा चमचे साखर, वेलची, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याने गोडवा उठून दिसतो. गार झाल्यावर वाटीभर आमरस. गरम दुधात आमरस घालायचा नाही, आंबट असेल तर फाटतं आणि मग सगळंच वाया. उपवासाला हवी असेल तर ब्रेडऐवजी शिंगाड्याचं पीठ दोन चमचे, गार दुधात कालवून.

दोन लिटर आटवलेल्या कुल्फीइतकी दाणेदार ती होणार नाही, हे कबूल. पण दूध निम्मं आणि गॅस तिसरा हिस्सा, आणि पोरांना फरक कळत नाही. आजोबांना कळतो, त्यांच्यासाठी वरून बदाम-पिस्ता जास्त घाला. मिल्क पावडर घालून घट्ट करायची असेल तर करा, पण ती काही फुकटची नाही, फुल क्रीमची किलोभर पावडर करायला साधारण आठ लिटर दूध लागतं, त्यामुळे चार चमच्यांच्या पुढे जाऊ नका.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो इवलासा त्रिकोण कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. उरलेली अख्खी पिशवी धुवून वाळवली की भंगारवाला घेतो.

पायरी ३: फळ आणि साखर

फळाचा नियम सोपा, बाजारात ज्याचे ढीग लागलेत ते घ्या. मेमध्ये आंबा, कैरी, करवंद, पुढे जांभूळ, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. जास्त पिकलेला, डाग पडलेला आंबा कँडीला उलट चांगला, स्वस्त मिळतो आणि नाहीतर तो फेकलाच गेला असता. पिकून काळी पडलेली केळी पण सोलून तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका, नंतर मिक्सरमधून काढली की बिनदुधाचं आइस्क्रीमच होतं.

पन्ह्याची कँडी: दोन मध्यम कैऱ्या वेगळ्या शिजवू नका, रोजचा वरण-भाताचा कुकर लागतो त्यातच वरच्या डब्यात ठेवा. गर काढा, जेवढा गर तेवढाच गूळ, वेलची, मीठ, आणि गराच्या तिप्पट पाणी. चाखून बघा, पिताना लागेल त्यापेक्षा जरा जास्तच गोड हवं कारण गार झालं की जिभेला गोडी कमी लागते.

इथे एक पेच आहे. ऊस पाणी खूप पितो हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको, त्यामुळे साखर किंवा गूळ कमी करावा असं वाटतं, पण साखरेमुळेच बर्फ मऊ राहतो, ती फार कमी केली तर दगड होतो, चोखून रंग-चव निघून जाते आणि उरलेला पांढरा बर्फ बेसिनमध्ये. वाया गेलं तर वाचवलेल्या साखरेला काय अर्थ? त्यामुळे साखर थोडीच कमी करा आणि गर वाढवा, पिकलेला आंबा किंवा केळं स्वतःची साखर घेऊनच येतं.

पायरी ४: साचे, नळ्या, काड्या

पेप्सीची नळी एक-दोन ग्रॅमची, कार्बनच्या हिशोबाने जवळपास शून्य. स्टीलचा नवीन सेट आणून दोन उन्हाळ्यांत माळ्यावर टाकला तर त्यापेक्षा नळ्या बऱ्या असं गणित कुणी मांडून दाखवेलसुद्धा. पण नळीचा त्रास कार्बनचा नाहीच, ती चिकट असते, पातळ असते, कचरा वेचणारे उचलत नाहीत, मग पावसात नाल्यात किंवा गाईच्या पोटात. हे दोन हिशोब वेगळ्या तराजूत घाला, एकात घातले की गोंधळ होतो. सोसायटीत पन्नास पोरांना वाटायच्या असतील तर नळ्या नकोच, पेले आणि चमचे गोळा करा. प्लास्टिकच्या आइस्क्रीम काड्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे.

मग साचा कुठला? घरात जो आहे तो. स्टीलचे पेले, वाट्या, बर्फाचा ट्रे, सगळं चालतं, आणि स्टीलमध्ये प्लास्टिकपेक्षा लवकर गोठतं. आईकडे जुने अॅल्युमिनियमचे कोन असतील तर दुधाच्या कुल्फीला मस्त, पण कैरी-कोकम त्यात अजिबात घालू नका, आंबट लागलं की धातू उतरतो. सिलिकॉनचे साचे घ्यायला हरकत नाही, फक्त वर्षानुवर्षं वापरणार असाल तरच, कारण ते भंगारात कुणी घेत नाही.

मटका कुल्फी दिसायला मातीची आणि म्हणून निर्मळ वाटते, पण मटका भट्टीत भाजलेला असतो, त्याला लाकूड नाहीतर कोळसा लागलेला असतो आणि आपण तो एकदाच वापरून फेकतो. आणलेच तर नंतर त्यात मेथी-कोथिंबीर लावा. लाकडी काडीवर मी वेळ घालवणार नाही, वापरा आणि खतात टाका, सावकाश कुजते. किंवा कँडी वाटीत काढून चमच्याने खा, हातावर ओघळपण येत नाहीत.

पायरी ५: गोठवणं

गरम मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही. परातीत नळाचं पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा, अर्ध्या तासात गार होतं, तेच पाणी झाडांना. साचे झाका, नाहीतर वर बर्फाचे कण जमतात आणि फ्रीजमधल्या लसणाचा वास लागतो. रात्री जेवण झाल्यावर ठेवलेलं बरं, हवा गार असते आणि पोरं दर दहा मिनिटांनी दार उघडून "झालं का" बघत नाहीत. छपरावर सोलर असेल तर मात्र उलटं, सकाळी दहाला ठेवा. जुना एका दाराचा फ्रीज असेल आणि आत बोटभर बर्फ साचला असेल तर आधी डीफ्रॉस्ट करा, तो थर गारवा आत येऊ देत नाही. आणि कुल्फीसाठी म्हणून वेगळा डीप फ्रीजर घेऊ नका हो, वर काटकसरीने वाचवलेलं सगळं तो एकटा खाऊन टाकेल.

हाताने फिरवायचा पॉट आइस्क्रीमचा संचा असेल तर वीज वाचते असं वाटतं, पण बाहेरचा बर्फ कारखान्यात विजेवरच झालेला असतो, त्यामुळे तो मजेसाठी करा, बचतीसाठी नाही. खडेमीठ घातलं की बर्फाचं तापमान उणे २० च्या आसपास जाऊ शकतं, म्हणून तर आतलं आइस्क्रीम जमतं. उरलेलं खारं पाणी कुंडीत ओतू नका, गुलाब-मोगरा मरतो. मोरीत ओता, किंवा अंगणात फरशीच्या फटीत गवत उगवतं तिथे.

पायरी ६: काढताना आणि उरलं तर

साचा सुटत नाही म्हणून नळाखाली धरून बसू नका, बादलीतल्या पाण्यात दहा सेकंद बुडवा आणि तळहातांत फिरवा. तुटलेल्या कँडीचे तुकडे ताकात किंवा सरबतात बर्फ म्हणून जातात. कुल्फी एकदा पूर्ण वितळली तर परत गोठवून ठेवायची नाही, एक तर दुधाचा प्रकार आणि दुसरं म्हणजे नुसते बर्फाचे खडे होतात. त्यात थोडं गार दूध घाला, मिक्सरमधून फिरवा आणि लगेच पिऊन टाका, किंवा दुसऱ्या दिवशीच्या शिऱ्यात पाण्याऐवजी तीच ओता, साखर अर्धीच लागेल.