गोव्यात नवीन आलात आणि शिकारीचं वेड असेल तर आधी हे वाचा

कोल्हापूर, बेळगाव, चंदगड साईडची आपली मंडळी नोकरीधंद्यासाठी गोव्यात येतात, एकदा चोर्ला घाट नाहीतर मोलेचं रान बघतात आणि मग हमखास विचारतात की इथं शिकारीला कुठं जायचं, काडतूस कुठलं चालतं, रात्री मुक्कामाला काय काय न्यायचं. मी पण घाटावरनंच आलोय, आता फोंड्यात चांगला मुरलोय, तर सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो.

शिकार विसरा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, आणि नुसती गोळी घालणंच गुन्हा आहे असं नाही, फासा लावणं, आमिष ठेवणं, हाकारा घालणं, प्रयत्न फसला तरी, पक्ष्याची अंडी उचलली तरी, सगळं शिकारीतच मोजतात. गवा इथला राज्यप्राणी, तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत, तिथं कमीत कमी ३ वर्षं आणि ७ पर्यंत कैद, वर किमान २५,००० दंड. गावातल्या कुणाकडं पीक राखायला लायसनची बंदूक असते, ती बघून आपल्याला पण चालत असेल असं समजू नका, त्या लायसनवर सुद्धा मटणासाठी भेकर मारता येत नाही. आणि पहिल्या पावसात कुणी प्रेमानं जंपिंग चिकन खायला बोलावलं तर ते बेडूक असतात, तो पण गुन्हाच, रानातलं मटण जवळ बाळगणं विकत घेणं पण तसंच. हसून नको म्हणा, मासे आहेत की इथं हवे तेवढे.

आता नेम धरायची हौस आहे ना, त्याला गोव्यात काही अडचण नाही. माझा हिशोब सरळ आहे, बंदूक नेमबाजीच्या रेंजवर आणि तंबू रानात, दोन्ही एका गाडीत कधी नाही. कारण अभयारण्यात मुख्य वन्यजीव वॉर्डनच्या लेखी परवानगीशिवाय कुठलंही हत्यार नेता येत नाही, आणि नाक्यावर डिकी उघडल्यावर एअरगन निघाली तर फक्त डबे उडवायला आणलीय हो हे कोण ऐकून घेणार?

एअरगन .१७७ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात) आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली घेतली तर लायसन लागत नाही, .२२ घेतली की लागतं, मग ती एअरगन का असेना. बिल जपून ठेवा. छऱ्यांचं म्हणाल तर लोक टोकदार छरे घेतात कारण दिसायला जबरदस्त, पण कागदावर सपाट डोक्याचाच छरा पाहिजे, तो गोल स्वच्छ भोक पाडतो, मार्क मोजता येतात, टोकदार छऱ्यानं कागद फाटतो आणि नेम पण बऱ्याचदा पसरतो. रायफलला साधारण ०.५३ ग्रॅमचा चालतो, पिस्तूलला थोडा हलका. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात ते छऱ्याच्या डोक्याचं मिलिमीटरमधलं माप, तुमच्या नळीला कुठला मानवतो हे मारून बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, म्हणून सुरुवातीला दोनतीन प्रकारचे छोटे डबे घ्या, एकदम पेटी नको. स्टीलचे गोल छरे रायफलच्या नळीत अजिबात नाही, नळीच्या आतले आटे जातात आणि छरे कडक जागी लागून उलटे येतात, डोळ्याला चष्मा लावूनच मारा. आणि इथली हवा लक्षात ठेवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळं ओलं, शिशाच्या छऱ्यांवर पांढरी पूड धरते, नळीला गंज, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची आणि नळीवरनं तेलाचा फडका फिरवायचा. ती पांढरी पूड धरलेले छरे टाकून द्या, हात साबणानं धुवा, शिसं पोटात जाणं चांगलं नाही.

प्रॅक्टिसला घाई नको. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पहिले काही आठवडे ठिपका विसरायचा, पाच छरे मारायचे आणि ते एकमेकांच्या किती जवळ पडले तेवढंच बघायचं. पाच छरे झुपक्यात पण डावीकडं गेले तर साईट (नेम धरायची खूण) हलवा, पाच छरे पाच गावाला गेले तर साईटला हात लावू नका, तो तुमचाच दोष आहे. स्प्रिंगवाली गन घट्ट आवळून धरायची नाही, पुढचा हात नुसता खाली उघडा ठेवायचा, गनला तिचा झटका घेऊ द्यायचा, बाकी श्वास अर्धा सोडून थांबा, ट्रिगर हळू दाबा, आणि छरा सुटल्यावर पण डोळा साईटवरनं काढू नका, नवीन माणूस इथंच मान वर करतो. स्प्रिंगची गन रिकामी उडवू नका, आत पिस्टन आपटतो. घरी गच्चीवर मारण्यापेक्षा राष्ट्रीय रायफल असोसिएशनला जोडलेल्या राज्य संघटनेकडं चौकशी करून रेंजवर जा, आपल्या राधानगरीचा स्वप्निल कुसळे २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ घेऊन आला, पोरांना तेवढं सांगितलं तर ससा मारायचं कुणी नाव काढत नाही.

आता तंबू. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, भगवान महावीर ही सगळी अभयारण्यं, तिथं मनाला येईल तिथं तंबू ठोकायचा नाही, वन खात्याची परवानगी घ्या, चूल पेटवायची नाही, कॅनवाली छोटी गॅस शेगडी चालते का ते पण आधीच विचारा. पावसाळ्यात तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, पण दव इतकं पडतं की सकाळी तंबूच्या आतनं पाणी गळतं, म्हणून जाळीवाला हवेशीर तंबू आणि वर वेगळी ताडपत्री, भारी वॉटरप्रूफ एकपदरी तंबू इथं घामानं भिजतो. खाली जाड प्लॅस्टिक, कपाळावरची बॅटरी, बदलायचे मोजे. परत आल्यावर तंबू दोन दिवस उन्हात पसरा, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचा वास घेऊन झोपाल.

डिसेंबर ते मे सत्तरीत, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप असतो, तो गोचिडीतनं येतो, आणि ही बारीक गोचीड काळ्या कपड्यावर दिसतच नाही. फिक्या रंगाची फुल पँट मोज्यात खोचायची, पालापाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं, परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कानामागं, काखेत, कमरेला नीट बघायचं. त्यानंतर अचानक ताप आणि डोकं फुटेल असं दुखलं तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे स्वतःहून सांगा. सापाचं म्हणाल तर नाकाड्या चापडा पाचोळ्याच्याच रंगाचा, त्याच्या विषाला आपलं नेहमीचं इंजेक्शन लागू पडत नाही, म्हणून बूट घोट्याच्या वर पाहिजेत, रात्री बॅटरीशिवाय पाऊल नको, आणि चावलाच तर चिरायचं, चोखायचं, आवळून बांधायचं नाही, १०८ ला फोन करून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला न्या.