अटलांटिकपार गेलेल्या जुन्या टपाल-पाकिटांचा संग्रह कसा करावा

एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये अटलांटिक ओलांडून गेलेली पत्रे जमवायची असतील, तर तिकिटापेक्षा पाकीट महत्त्वाचे, हे आधी मनाशी पक्के करावे. पाकिटावरून सोडवलेले तिकीट सुंदर दिसते खरे. परंतु ते कोणत्या बोटीने गेले, किती हशील पडले आणि ते कोणी भरले, हे सारे त्या सोडवण्यातच नाहीसे होते. म्हणून हाती आलेल्या पाकिटावरचे तिकीट कधीही भिजवून काढू नये.

सुरुवातीला विषय लहान ठेवावा. जहाजमालक सॅम्युअल क्यूनार्ड यांची ‘ब्रिटानिया’ ही बोट ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून निघाली आणि हॅलिफॅक्स व बोस्टनपर्यंत नियमित टपालसेवा सुरू झाली. १८७५ मध्ये आंतरराष्ट्रीय टपाल करार अमलात आला. या पस्तीस वर्षांचे सगळे काही जमवणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. माझ्या मते नवोदिताने अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील २४ सेंटांच्या दराचा काळ निवडावा. हा दर फेब्रुवारी १८४९ मध्ये लागू झाला आणि १८६७ अखेरपर्यंत टिकला; पुढे १८६८ मध्ये तो १२ आणि १८७० मध्ये ६ सेंट झाला. तिकीट नसलेली घडीची पत्रे, म्हणजे वेगळे पाकीट न वापरता पत्राचाच कागद दुमडून पाठवलेली, तुलनेने स्वस्त मिळतात आणि शिकण्यासाठी तीच उत्तम.

पुढची पायरी म्हणजे पाकिटावरचा हिशेब वाचणे, आणि या छंदाचा खरा आनंद मला इथेच मिळतो. अर्ध्या औंसाच्या, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमच्या पत्राला लागणाऱ्या २४ सेंटांपैकी ५ सेंट अमेरिकेतील वाहतुकीचे, १६ सेंट समुद्रप्रवासाचे आणि ३ सेंट ब्रिटनमधील वाहतुकीचे असत. समुद्रप्रवासाचे पैसे ज्या देशाने बोट ठेवली त्याला मिळत. त्यामुळे अमेरिकेतून हशील भरून निघालेले पत्र ब्रिटिश कराराच्या क्यूनार्ड बोटीने गेले, तर ब्रिटनला देणे असलेले १९ सेंट त्यावर लाल शाईत नोंदलेले दिसतात. तेच कॉलिन्स कंपनीच्या अमेरिकन बोटीने गेले, तर फक्त ३. हशील न भरता गेलेल्या पत्रावर उलट अमेरिकेचे येणे काळ्या शाईत असते : अमेरिकन बोट असल्यास २१, ब्रिटिश असल्यास ५. लाल म्हणजे भरलेले, काळे म्हणजे न भरलेले, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे वाचन जमते.

हाच हिशेब बनावट माल ओळखण्यास उपयोगी पडतो. पाकिटावर २४ सेंटांचे तिकीट असूनही काळ्या शाईत २१ चा आकडा असेल, तर ते तिकीट नंतर चिकटवले असण्याची शंका घ्यावी. २४ सेंटांचे स्वतंत्र तिकीट १८६० मध्ये आले. त्यापूर्वी १२ सेंटांच्या काळ्या तिकिटांची जोडी लावत, त्यामुळे तारीखही पडताळावी. अपुरे हशील भरलेले पत्र पूर्णपणे न भरलेले मानले जाई, म्हणून एकच १२ सेंटांचे तिकीट आणि पूर्ण २४ सेंटांच्या वसुलीची एक शिलिंगची खूण यांत विसंगती नाही. १८५० च्या दशकात एक औंसाच्या वर दर तिप्पट न होता थेट चौपट होई; त्यामुळे त्या काळातले ७२ सेंटांचे, म्हणजे तिप्पट दराचे, पाकीट दिसले तर विक्रेत्याला कारण विचारावे. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर अखंड उतरली आहे का, हे भिंगाने पाहावे, आणि शिक्क्यांच्या तारखा बोटींच्या प्रकाशित प्रवाससूचीशी जुळवाव्यात.

महागडे पाकीट तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये. न्यूयॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन आणि लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी अशी प्रमाणपत्रे देतात. भारतातील संग्राहकाने तर ती खरेदीपूर्वीच मागावीत, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ऐतिहासिक मोलाची जुनी कागदपत्रे देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत आणि पाकीट तपासणीसाठी परत पाठवणे अडचणीचे ठरू शकते.

मराठी संग्राहकासाठी या विषयात एक जवळची वाटही आहे. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे अहमदनगर हे मोठे केंद्र होते आणि मूळ संस्था बोस्टनला होती. ब्रिटनमार्गे जाणाऱ्या तिथल्या पत्रांना भारतातले टपाल आणि अटलांटिकची बोट असे दोन्ही टप्पे पार करावे लागत. असे पत्र दिसले तर दोन्ही टप्प्यांचे शिक्के आणि आकडे निरनिराळे टिपून घ्यावेत.

जतनाबाबत हयगय नको. पीव्हीसीच्या पिशव्या, चिकटपट्टी आणि गोंद टाळावेत. अभिलेखागारात वापरतात तसे पॉलिएस्टरचे पारदर्शक आवरण आणि आम्लरहित कागद वापरावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि कसर लागली नाही ना, हे महिन्याकाठी पाहावे. अल्बमच्या पानावर दर, बोटीचे नाव, दोन्ही बाजूंच्या तारखा आणि खरेदीचा तपशील लिहावा. पाकिटावर मात्र पेन्सिलनेसुद्धा काही लिहू नये.