बीजगणिताचा पेपर सुटल्यावर उत्तरं कशी ताडून पाहायची

बीजगणिताचा पेपर सुटला की तासाभरात बार्शीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडतो. मार्चचं ऊन, लाल झालेली तोंडं, बगलेत पॅड, आणि उंबरा ओलांडायच्या आधीच प्रश्न सुरू: "काकू, तिसऱ्यातल्या बी मधलं दुसरं किती आलं?" १७ वर्षं झाली मला दहावीच्या मुलांचं गणित घेऊन. दरवर्षी त्यांना घरीदारी एकच सांगणं असतं, झालेल्या पेपरवर बोलू नका. पण मुलं बोलतातच. फाटकापाशी बोलतात, सायकलवर बोलतात, रात्री अंथरुणात फोन घेऊन बोलतात. मग नीट कसं बोलायचं तेच शिकवावं, या मताची मी आहे. कारण एखाद दिवसाच्या अंतराने भूमितीचा पेपर असतो, आणि बीजगणिताची उत्तरं भलत्या रीतीने ताडली की भूमितीचे गुण जातात.

तर पोरांनो, सगळ्यात आधी घरी जा, पाणी प्या, दोन घास खा. मग दुसऱ्या कुणाचंही उत्तर कानावर पडायच्या आत आपलं लिहून काढा. प्रश्नपत्रिकेवर उत्तरं टिपून आणता येत नाहीत, त्यामुळे सगळा भरवसा आठवणीवर असतो, आणि ही आठवण फार लवकर गढूळ होते. माझ्याकडचा एक मुलगा संभाव्यतेच्या गणितात ४/५२ लिहून आला होता. वाटेत कुणीतरी १/१३ म्हणालं. याला वाटलं, गेलं आपलं. माझ्यापर्यंत येईस्तोवर तो म्हणायला लागला, "मी बहुतेक ४/१३ लिहिलंय." त्याला समोर बसवून, कोरा कागद देऊन पुन्हा ते गणित करायला लावलं, तेव्हा हात आपोआप चालला आणि ४/५२ आलं. ४/५२ म्हणजेच १/१३. अतिसंक्षिप्त रूप दिलं नव्हतं, एवढंच.

लिहून काढायचं म्हणजे पूर्ण पेपर पुन्हा सोडवायचा नाही. एका पाठकोऱ्या कागदावर प्रश्नांचे क्रमांक घाला. ४० गुणांची मांडणी तुम्हाला पाठ आहे: पहिल्यात ४ पर्यायांचे आणि ४ एकेक गुणाचे, दुसऱ्यात ४ गुणांच्या कृती, म्हणजे रिकाम्या चौकटी भरून पुरी करायची गणितं, आणि ८ गुणांची छोटी गणितं, तिसऱ्यात कृतीचे ३ आणि गणितांचे ६, चौथा ८ गुणांचा, पाचवा ३ चा. प्रत्येकासमोर तुमचं उत्तर आणि एका शब्दात पद्धत. जिथे निवड होती तिथे कोणतं घेतलं तेही. आठवत नसेल तर जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. दहा-पंधरा मिनिटांत होतं.

आता मित्राकडे जा. एकाकडेच. फार तर दोघांकडे. आठ-दहा जण गोल करून उभे राहिले की ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर ठरतं. एका वर्षी ५, ८, ११ अशा श्रेढीतल्या पहिल्या २० पदांची बेरीज विचारली होती, असं धरा. पाच जण ठामपणे ६२ म्हणत होते, एकटी मुलगी ६७० म्हणत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ६२ हे विसावं पद आहे. पाचही जणांनी प्रश्नातला बेरीज शब्द सोडून दिला होता. ज्याचं वेगळं आलंय त्याला आधी विचारा, "तू कसं केलंस?" आणि ते संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण दरवर्षी याच्यासारखं काहीतरी होतंच. दोन मैत्रिणी माझ्या बैठकीत बसल्या होत्या. गणित असं: दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या काढा. एकीने समीकरण सांगितलं, "एक्सचा वर्ग अधिक २ एक्स वजा १२० बरोबर शून्य." दुसरीचा चेहरा पडला. तिचं होतं, "एक्सचा वर्ग वजा २ एक्स वजा १२०." चिन्हच उलटं! चार गुण गेले, आता पंच्याहत्तरच्या वर जात नाही, असं म्हणत ती उठायलाच लागली. मी म्हटलं, खाली बस, आणि पहिली ओळ वाच. पहिलीने लहान संख्या एक्स मानली होती, दुसरीने मोठी. पहिलीला १० आणि ऋण १२ ही मुळं मिळाली, दुसरीला १२ आणि ऋण १०. दोघींनी ऋण मूळ सोडलं, कारण संख्या नैसर्गिक हव्या होत्या, आणि दोघींच्या शेवटच्या ओळीत तेच होतं: त्या संख्या १० आणि १२. दहाचा वर्ग १००, बाराचा १४४, बेरीज २४४. तिने माझ्यासमोर बोटांवर बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग ताकाचा पेला उचलला.

तेव्हा मधली समीकरणं जुळवत बसू नका. आधी "मानू" ची ओळ जुळवा, ती वेगळी असेल तर पुढचं सगळं वेगळं दिसणारच. सांख्यिकीतही तसंच. गृहीतमध्य, म्हणजे सोयीसाठी आधी धरलेला मध्य, एकाने ३५ घेतला आणि दुसऱ्याने ४५, तर तक्त्यातले रकाने अजिबात जुळणार नाहीत, पण मध्य एकच यायला हवा. रकान्यांवरून भांडू नका, शेवटचा आकडा बघा. एकसामयिक समीकरणं कुणी निश्चयकाने सोडवतं, कुणी लोप करून, कुणी आलेखाने. प्रश्नात पद्धत सांगितलेली नसेल तर काही बिघडत नाही.

आणि वाद मिटेना तर ताळा पाहा. मित्राला नव्हे, गणितालाच विचारा. समजा ४ एक्स अधिक ३ वाय बरोबर १८ आणि ३ एक्स वजा २ वाय बरोबर ५. तुमचं ३ आणि २ आलं, त्याचं २ आणि ३. घाला किमती: १२ अधिक ६, अठरा. ९ वजा ४, पाच. तुमचं बरोबर. त्याचं ८ अधिक ९, सतरा. संपलं. एका मिनिटाचं काम आहे आणि यात कुणी दुखावत नाही. वर्गसमीकरण, रेषीय समीकरण, श्रेढी, जवळजवळ सगळ्यांचा ताळा होतो. शेअर्स आणि जीएसटीची गणितं मात्र आकडे नेमके आठवत असतील तरच काढा, टक्क्याचा एक आकडा चुकला की अर्धा तास वाया जातो.

आता गुणांचा अंदाज. "किती पडतील?" या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देऊ नका, कारण तो आकडा तुम्हाला निकालापर्यंत छळतो. तुमच्या कागदावर तीन रकाने पाडा: पक्के, अर्धेमुर्धे, गेले. उत्तर आणि रीत दोन्ही ताडून झाली ते पक्के. रीत बरोबर पण शेवटी घोटाळा, किंवा रीत बरोबर आणि उत्तर आठवत नाही, ते अर्धेमुर्धे. सुटलेलं किंवा मुळातच चुकलेलं ते गेलं. पर्यायांच्या प्रश्नात खोडून दुसरं अक्षर लिहिलं असेल तर ते पक्क्यात धरू नका. पहिला प्रयत्नच ग्राह्य धरतात अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते.

माझ्या एका विद्यार्थिनीचा कागद असा होता. पहिल्या प्रश्नात ७ पक्के, १ गेला. दुसऱ्यात कृतीचे ४ पक्के, पुढे ६ पक्के आणि २ अर्धेमुर्धे. तिसऱ्यात कृतीचे ३ आणि पुढचे ३ पक्के, ३ अर्धेमुर्धे. चौथ्यात ४ पक्के, ४ अर्धेमुर्धे. पाचवा वेळेअभावी सोडला, ३ गेले. पक्के २७, अर्धेमुर्धे ९, गेले ४. म्हणजे २७ ते ३६. ती रडत होती ३६ च्या वर जात नाही म्हणून, आणि तिची आई धरून बसली होती २७. मी अर्धेमुर्ध्यातले निम्मे धरते, म्हणून मी ३१ म्हटलं. गणितात गुण पायऱ्यांना असतात, शेवटच्या उत्तरालाच सगळे नसतात. सूत्र बरोबर, किमती बरोबर घातल्या आणि भागाकारात चूक झाली, तर ते गणित गेलं असं समजू नका. तसंच उत्तर बरोबर आलंय पण मधल्या दोन पायऱ्या कच्च्या कामात राहून गेल्या, तर पूर्ण गुण पक्के असंही समजू नका.

ज्यांना नापास व्हायची भीती आहे, त्यांच्याशी मला वेगळं बोलायचंय. ती मुलं गोलाच्या कडेला उभी असतात, काही विचारत नाहीत आणि लवकर निघून जातात. तुम्ही हा हिशोब कराच, आणि पूर्ण करा. गणित १०० गुणांचं: बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत मूल्यमापन २०. उत्तीर्ण व्हायला ३५ हवेत. समजा शाळेने अंतर्गत १६ दिलेत आणि आज पक्के ११ च आहेत. झाले २७. भूमितीतून ८ आणायचेत, चाळीसपैकी आठ. आठ म्हणजे एक भौमितिक रचना, एक प्रमेयाची कृती आणि पर्यायांतले दोन-तीन. हे एका मोकळ्या दिवसात तयार होतं. काठावर थांबू नये म्हणून बाराची तयारी करा. माझ्याकडे असाच बसलेला एक मुलगा त्या दिवशी संध्याकाळी स्पर्शिकेची रचना अकरा वेळा काढून गेला. वर्तुळ, बाहेरचा बिंदू, लंबदुभाजक, पुन्हा वर्तुळ. शेवटच्या तीन वेळा त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आईवडिलांना एक विनंती. पोर दारात आल्या आल्या "किती सुटलं?" विचारू नका. थोड्या वेळाने त्याचा तो तीन रकान्यांचा कागद मागा आणि "अर्धेमुर्धे कुठे कुठे आहेत?" एवढंच विचारा. शेजारच्या मुलीचा अंदाज घरात आणू नका. तिचे ३८ हे तुमच्या मुलाचे उणे काही नसतात. शिवाय टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे आजच्या दोन-चार गुणांवरून पुढच्या कॉलेजचं ठरवायला बसू नका.

हे सगळं तीन वाजेपर्यंत आटपायचं. मी घड्याळ पाहून उठवते. कागदाची घडी करून पाकिटात घाला, वर तारीख लिहा, आणि आईकडे द्या. रात्री फोनवर कुणी नवीन उत्तर पाठवलं तरी पाकीट उघडायचं नाही. त्यानंतर कंपास पेटी काढा. कर्कटकाचा स्क्रू सैल आहे का बघा, पेन्सिलला बारीक टोक करा, आणि एक रचना काढून कंस स्पष्ट उमटतात का पाहा, कारण रचनेच्या खुणा पुसायच्या नसतात. प्रमेय लिहाल तिथे आकृती हवीच.

ते पाकीट निकालाच्या दिवशी उघडा. तोपर्यंत भूमितीचाही असाच कागद त्यात गेलेला असतो. दोन्हींचे पक्के आणि अंतर्गत गुण मिळून जे येतं, गुणपत्रकातला आकडा त्याच्या आसपास किंवा वर असेल तर पाकीट टाकून द्या. पुष्कळ खाली असेल तर रडत बसण्याआधी मुदत बघा आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करा. पुनर्मूल्यांकन हवं असेल तरी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. एका मुलीचे पक्क्यापेक्षा ७ कमी आले होते. छायाप्रत आली तेव्हा आम्ही दोघी कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचत गेलो. चौथ्या प्रश्नात तिने प्रश्नपत्रिकेतला ६ उतरवताना ८ केला होता, आणि एक गणित पुरवणीवर क्रमांक न घालता अर्धंच सोडलं होतं. घरी आठवून लिहिताना मात्र तिने ते पूर्ण केलं होतं. तिने ती पानं परत घडी केली, पाकिटात ठेवली आणि अकरावीचा फॉर्म भरायला गेली.