नोहाच्या पाराशाचा आठवडा: ज्यू बालवाडीतील सहा दिवसांची आखणी कशी करावी

इस्रायलमधील बालवाडीचा आठवडा रविवारी सकाळी सुरू होतो आणि शुक्रवारी मध्यान्हाच्या सुमारास संपतो. या सहा दिवसांची आखणी करताना अनेक शिक्षिका रविवारपासून पुढे मोजत जातात. माझ्या मते ही मोजणी शुक्रवारपासून मागे करावी. शुक्रवारी मुले शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताला गोलात बसतील तेव्हा त्यांना काय म्हणता, काय करता आणि काय सांगता यावे हे आधी ठरवावे आणि मग त्यातील कोणती गोष्ट कोणत्या दिवशी रुजवायची ते पाहावे. आठवड्याचा विषय वेगळा शोधण्याची गरज नाही. त्या शब्बाथला सिनेगॉग या प्रार्थनागृहात तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचा, जो भाग वाचला जाणार असतो, म्हणजे पाराशा, तोच वर्गाचा विषय ठेवला की घर, सिनेगॉग आणि बालवाडी या तिन्ही ठिकाणी मुलाच्या कानावर एकच कथा पडते.

आखणीची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी मी पाच ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गातील नोहाच्या पाराशाचा आठवडा घेतला आहे. महापुरात नोहा, त्याचे कुटुंब आणि प्राणी ज्या प्रचंड नौकेत, म्हणजे तारूत, वाचले त्याची ही कथा. हा पाराशा हिब्रू पंचांगातील हेश्वान महिन्याच्या (ऑक्टोबर-नोव्हेंबर) अगदी आरंभी वाचला जातो. शाळा १ सप्टेंबरला उघडलेली असते, परंतु त्याआधीच्या तिश्री महिन्यात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा हे सण लागोपाठ येत असल्यामुळे वर्गाची घडी बसतच नाही आणि प्रत्येक काम ‘सणांनंतर’ या एका शब्दावर ढकलले जाते. हेश्वानमध्ये असे लागोपाठचे सण नाहीत. मुलांना वर्गाची शिस्त, सकाळचा क्रम आणि एकमेकांची सवय लागण्यासाठी वर्षातील सर्वांत मोलाचा काळ हाच असतो, आणि म्हणून या आठवड्यात हस्तकलेचे दहा नमुने करून घेण्याच्या मागे लागू नये.

पहिले काम भिंतीवरच्या फलकाचे आहे. त्यावर सात कप्पे करावेत आणि सातवा कप्पा इतरांपेक्षा मोठा व वेगळ्या रंगाचा ठेवावा. रोज सकाळी ‘मोदे आनी’ आणि ‘शमा’ या प्रार्थना म्हणून झाल्यावर एका मुलाने खूण पुढच्या कप्प्यात सरकवावी आणि आज शब्बाथकडे जाणारा कितवा दिवस आहे हे सर्वांनी मिळून म्हणावे. हिब्रूत वारांना क्रमांकच असल्यामुळे क्रमवाचक संख्यांचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही.

रविवारी मुले शब्बाथचा अनुभव ताजा घेऊन येतात. त्यामुळे दिवसाचा आरंभ हवदालाच्या उजळणीने करावा. शनिवारी रात्री घरी ज्या विधीने शब्बाथला निरोप दिला जातो, त्यातील वळलेली मेणबत्ती आणि सुगंधी मसाल्यांची डबी वर्गात आणून ठेवावी, लवंग व दालचिनी प्रत्येकाला हुंगायला द्यावी आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे गीत म्हणावे. हा विधी नसून त्याचा सराव आहे हे लक्षात ठेवून ब्राखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, मात्र म्हणू नयेत.

त्यानंतर कथा. नोहाची कथा लहान मुलांना कशी सांगावी याविषयी शिक्षिकांमध्ये नेहमी मतभेद असतात. काही जणी प्राण्यांची मिरवणूक आणि इंद्रधनुष्य एवढेच ठेवतात आणि पूर वगळल्यासारखा करतात. मला ते पटत नाही, कारण पाच वर्षांचे मूल ‘बाकीच्यांचे काय झाले?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही आणि उत्तर चुकवले की ते त्याला लगेच कळते. तोरात जे आहे ते थोडक्यात आणि शांत आवाजात सांगावे: माणसांनी पृथ्वी हिंसेने भरून टाकली होती आणि कोणी कोणाचे ऐकत नव्हते. मिद्राश, म्हणजे तोरावरील परंपरागत भाष्यकथा, सांगते की तारू बांधायला १२० वर्षे लागली, ती यासाठी की लोकांनी येऊन ‘हे काय चालले आहे?’ असे विचारावे आणि स्वतःला सुधारावे. मासे वाचले, हेही मुलांना सांगावे. ते बहुधा त्यांनीच आधी ओळखलेले असते. मात्र बुडणाऱ्या माणसांची चित्रे दाखवू नयेत, आणि ज्या गावात मुलांना हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजताच आश्रयाच्या खोलीत धावावे लागलेले आहे तेथे तारूचे दार बंद होण्याच्या प्रसंगावर रेंगाळू नये.

रेंगाळायचे ते तारूच्या आतील वर्षभरावर. तालमुद या रब्बींच्या प्राचीन चर्चासंग्रहातील सान्हेद्रिन या ग्रंथात नोहाचा मुलगा शेम सांगतो की जो प्राणी दिवसा खातो त्याला ते दिवसा आणि जो रात्री खातो त्याला रात्री खायला घालत. एका सरड्यासारख्या जीवाला काय लागते हे नोहाला कळत नव्हते. एके दिवशी तो डाळिंब फोडत असताना त्यातून अळी पडली आणि त्या जीवाने ती चट्कन खाल्ली. तेव्हापासून नोहा त्याच्यासाठी कोंडा भिजवून ठेवू लागला आणि त्यात अळ्या पडल्या की तो जीव त्या खात असे. तेथेच एक पक्षी कोपऱ्यात गप्प बसून राहिला, कारण नोहा किती दमला आहे हे त्याने पाहिले होते. दुसऱ्याची गरज ओळखणे आणि दुसऱ्याला त्रास न देणे, या दोन गोष्टी याहून चांगल्या रीतीने शिकवणारी कथा मला ठाऊक नाही. या दिवसांत बाजारात डाळिंबे असतात. एक डाळिंब वर्गात फोडून ही कथा सांगावी.

सोमवार अक्षरांचा. नोहाच्या नावातील ‘नून’ हे अक्षर घ्यावे, आणि शब्दाच्या शेवटी आल्यावर तेच अक्षर रेषेखाली लांब उतरते हे दाखवावे. वाचन शिकवणे हे पहिलीचे काम आहे. येथे ध्वनी ओळखता आला आणि अक्षर वाळूत बोटाने उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत गिरवता आले तरी पुरे.

मंगळवार मोजमापाला द्यावा आणि त्यासाठी मुलांना अंगणात न्यावे. तारूची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात आणि उंची ३० हात होती. प्रत्येक मुलाने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात दोरीने मोजावा, तेवढा दोरीचा तुकडा कापावा आणि त्या मापाने आधी टेबल, मग वर्गाची भिंत मोजावी. दोघांची उत्तरे जुळत नाहीत हे मुलांच्या ध्यानात आले की त्यावर चर्चा होऊ द्यावी आणि मोठ्या माणसाचा हात म्हणजे सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर हे माप सर्वांसाठी ठरवावे. मग तारूची रुंदी, म्हणजे साधारण २३ ते २५ मीटर, खडूने आखावी. बहुतेक बालवाड्यांच्या अंगणात एवढीही जागा नसते, आणि लांबी त्याच्या सहापट होती हे सांगितल्यावर मुलांना तारूचा आकार चित्रापेक्षा कितीतरी चांगला समजतो. बाहेर आहोतच तर शरदाच्या खुणाही पाहाव्यात: पानांशिवाय उभा राहणारा रानकांद्याचा पांढरा तुरा, आणि शेपटी वरखाली हलवत चालणारा पांढरा धोबी पक्षी. हा पक्षी याच सुमारास उत्तरेकडून इस्रायलमध्ये उतरतो, आणि महाराष्ट्रातही थंडीच्या तोंडावर येतो.

पाऊस हा या आठवड्याचा दुसरा धागा आहे. हेश्वानच्या ७ तारखेपासून इस्रायलमध्ये रोजच्या प्रार्थनेत पावसाची मागणी सुरू होते, म्हणजे ज्या आठवड्यात पुराची कथा सांगितली जाते त्याच्या आगेमागेच आपण पाऊस मागू लागतो. योग्य वेळी आणि योग्य तेवढा पाऊस हा आशीर्वाद असतो, हे मुलांना येथे सहज सांगता येते. इंद्रधनुष्य दिसले तर म्हणायची वेगळी ब्राखा आहे आणि त्याच्याकडे फार वेळ टक लावून पाहू नये असा संकेत आहे. दोन्ही गोष्टी त्यांना सांगाव्यात.

बुधवारी सकाळच्या दहाच्या खाण्याचाच पाठ करावा. दोन कानांच्या भांड्याने हात धुणे, पावावरची ब्राखा आणि मग फळे व भाज्या. झाडाच्या फळासाठी एक ब्राखा आणि जमिनीतून येणाऱ्या गोष्टींसाठी दुसरी, हे सांगून सफरचंद, गाजर, द्राक्षे, काकडी आणि केळे यांची वाटणी मुलांकडून करवून घ्यावी. केळ्यापाशी वाद होतोच. केळीला कायमचे लाकडी खोड नसते, एकदा फळल्यावर ते कापले जाते आणि बुंध्यातून नवा कोंब येतो, म्हणून केळ्यावर जमिनीची ब्राखा म्हणतात. दिमोना किंवा अश्दोदसारख्या गावी, जेथे महाराष्ट्रातून आलेली बेने इस्राएल या ज्यू समाजाची कुटुंबे राहतात, तेथे वर्गातील एखाद्या मुलाच्या आजीला या दिवशी अवश्य बोलवावे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने त्या पोहे, ओले खोबरे व साखर घालून मलिदा करतात, सोबत फळे मांडतात आणि त्यांवर ब्राखा म्हणतात. पाठ पुस्तकातला नसून कोणाच्या तरी घरातला आहे हे मुलांना दिसावे. कोकणात या समाजाला शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, एवढे आजींनीच सांगितले तर शुक्रवारची तयारीही आपोआप होते.

गुरुवारी हाल्ला, म्हणजे शब्बाथचा वेणीचा पाव. ३५ मुलांच्या वर्गाला २ किलो मैदा पुरतो. प्रत्येकाला तीन पेडांची छोटी वेणी घालण्याएवढा गोळा मिळतो. यीस्ट, साखर, तेल, अंडी आणि मीठ मुलांसमोर मोजून दाखवावे, परंतु पहिले मळणे मदतनीस बाईंनी आधीच उरकलेले असावे, नाहीतर पीठ फुगेपर्यंत मुलांचा धीर सुटतो. एवढ्या पिठातून छोटा गोळा वेगळा काढण्याची मित्स्वा, म्हणजे धर्माज्ञा, लागू होते, पण कच्चे पीठ अनेकांत वाटले जाणार असेल तर ब्राखेचा नियम बदलतो, म्हणून हे आपल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. काढलेला गोळा खात नाहीत. तो गुंडाळून जाळावा किंवा आदराने टाकावा.

शुक्रवारी मुले पांढरे कपडे घालून येतात. त्या आठवड्याची ‘शब्बाथची आई’ आणि ‘शब्बाथचे बाबा’, म्हणजे स्वागताचा मान मिळणारी दोन मुले, वर्षाच्या आरंभीच यादीने ठरलेले असावेत, म्हणजे कोणाचा हिरमोड होत नाही. क्रम असा ठेवावा: प्रत्येकाने दानपेटीत नाणे टाकणे, मेणबत्त्या, किद्दूश म्हणजे द्राक्षरसावर म्हणायचा शब्बाथचा आशीर्वाद, झाकलेल्या दोन हाल्ला आणि गाणी. काडी फक्त शिक्षिकेने ओढावी. शिकताना मुलांनी पूर्ण ब्राखा म्हणायला हरकत नाही असे अनेक रब्बी मानतात, तर काही ठिकाणी देवाच्या नावाऐवजी ‘हाशेम’ म्हणतात. आपल्या बालवाडीची पद्धत पालकांना आधी कळवावी. नंतर नोहाची कथा या वेळी शिक्षिकेने सांगू नये. मुलांनी एकेक प्रसंग सांगावा आणि कावळा आधी गेला की कबुतर, यावर ती अडली तर एकमेकांना दुरुस्त करू द्यावी.

घरी जाताना प्रत्येकाच्या हाल्लाच्या पिशवीत एक चिठ्ठी घालावी. तीत रात्रीच्या जेवणाच्या वेळी पालकांनी विचारायचे दोनच प्रश्न असावेत: तारूत त्या सरड्यासारख्या जीवाला काय आवडले, आणि तो पक्षी गप्प का बसला. रविवारी सकाळी मुलांनी काय उत्तरे दिली हे पालकांकडून ऐकून घ्यावे, कारण लेख लखा हा पुढचा पाराशा कोठून सुरू करायचा आणि अब्राहामाच्या पाहुणचारापर्यंत मुलांना कसे न्यायचे हे त्यावरून ठरवता येते.