बाबांचा बोन मॅरो रिपोर्ट वाचताना

बाबांच्या कमरेच्या हाडातून दोन नमुने घेतले: पातळ मज्जा आणि हाडाचा बारीक तुकडा. तुकड्याचा रिपोर्ट उशिरा येतो, कारण हाड आधी मऊ करावं लागतं. मी उगाच घाबरले.

आधी ‘सेल्युलॅरिटी’ बघा, म्हणजे मज्जेचा किती भाग रक्त बनवणाऱ्या पेशींनी भरलाय ते. शंभरातून वय वजा करा, साधारण तेवढे टक्के अपेक्षित. बाबा ७० वर्षांचे, म्हणजे ३० च्या आसपास, रिपोर्टमध्ये ८०! मज्जा गच्च भरलेली, तरी रक्तात पेशी कमी. कारण पेशी बनतात, पण सदोष, म्हणून बऱ्याचशा आतच मरतात. एमडीएसमध्ये (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, मज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा आजार) असंच होतं.

मग ‘ब्लास्ट’, म्हणजे अपरिपक्व पेशी: ५ टक्क्यांच्या आत हवेत, २० किंवा जास्त म्हणजे सहसा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर). बाबांचे ३. हुश्श! गुणसूत्रांचा रिपोर्ट आलाय का, हे मात्र डॉक्टरांना विचाराच.