नेलपॉलिश सांडून सुकलंय? चादर, सोफा, फरशी आणि टेबलावरून ते असं काढा

नेलपॉलिशचा थेंब पडला तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी चादर झटकताना तो कडक लाल ठिपका हाताला लागला, असं बऱ्याच घरात होतं. मग पहिली चूक हीच होते की चादर उचलून सरळ नळाखाली धरली जाते आणि साबण लावून ब्रशने घासाघास सुरू होते. नेलपॉलिश पाण्यात विरघळत नाही, गरम पाण्यात नाही आणि साबणातही नाही, त्यामुळे तासभर घासलंत तरी डाग तिथेच राहतो आणि कापडाला मात्र बोळे येतात.

डाग का निघत नाही आणि कशाने निघतो हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून थोडंसं सांगते. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज नावाचा एक पदार्थ असतो, तो एथिल ॲसिटेट आणि ब्यूटिल ॲसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवलेला असतो, सोबत रेझिन, थोडा लवचिकपणा यावा म्हणून प्लास्टिसायझर, आणि रंग. नखावर लावल्यावर सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे रंगीत पापुद्रा राहतो, सुकणं म्हणजे एवढंच. त्यामुळे त्या पापुद्र्याला परत सॉल्व्हंट मिळालं की तो परत पातळ होतो, मग डाग कालचा असो की सहा महिन्यांपूर्वीचा. ही चांगली बातमी आहे. पण पातळ झालेलं नेलपॉलिश म्हणजे पुन्हा सांडलेलंच नेलपॉलिश, ते जिथे वाट मिळेल तिथे पसरणार. म्हणून डाग पुसून काढायचा हा विचारच सोडा, तो एका कापडातून दुसऱ्या कापडात उतरवायचा असतो, आणि उतरायला खाली काहीतरी कोरडं, शोषून घेणारं ठेवलेलं असलं पाहिजे.

आता रिमूव्हरची बाटली उघडायच्या आधी कापडाचं लेबल बघा, प्लीज बघाच. कारण डाग सगळीकडे सारखाच असतो, फरक पडतो तो खाली काय आहे त्याने. लेबलवर ॲसिटेट, ट्रायॲसिटेट किंवा मोडॲक्रिलिक लिहिलं असेल तर ॲसिटोन, म्हणजे बहुतेक रिमूव्हरमधलं मुख्य सॉल्व्हंट, अजिबात लावायचं नाही, कारण ॲसिटोन त्या कापडाचा धागाच विरघळवतं. माझ्या एका जॅकेटचं चकचकीत अस्तर असंच गेलं, मी नेलपॉलिशच्या ठिपक्यावर रिमूव्हरचा कापूस दाबला आणि उचलला तर ठिपक्यासोबत अस्तरही चिकट होऊन वर आलं, भोकच पडलं. तेव्हापासून मी लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. आणि रिमूव्हरवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलंय म्हणून तो अशा कापडाला चालेल असंही समजू नका, त्यात बहुतेक वेळा एथिल ॲसिटेट असतं आणि त्यानेही हे कापड खराब होऊ शकतं. लेबल फाटलेलं असेल तर शिवणीच्या आतला एक सुटा धागा कापून काचेच्या वाटीत ॲसिटोनच्या थेंबात टाका, धागा चिकट झाला किंवा विरघळला तर काय ते कळलं. धागा तसाच राहिला तरी रंगाची टेस्ट बाकी असते, म्हणजे आतल्या बाजूला एक थेंब लावून पांढरं फडकं दाबायचं आणि फडक्याला कापडाचा रंग लागतोय का बघायचं.

सुती, लिनन आणि पॉलिस्टरला ॲसिटोनने सहसा काही होत नाही, आणि चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे बहुतेक याच कापडांचे असतात. पद्धत अशी. आधी जाड थर असेल तर चमच्याच्या कडेने किंवा बोथट सुरीने हलकेच खरवडून काढा, अगदी जाड असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर पाच-सात मिनिटं ठेवा, थंड झाल्यावर पापुद्रा ठिसूळ होतो आणि टवके निघतात. जेवढं कोरडं निघेल तेवढं नंतर पातळ होऊन पसरायला कमी उरतं, म्हणून इथे घाई नको. मग टेबलावर जुनं पांढरं सुती फडकं किंवा टिशूची जाड घडी ठेवा (पांढरीच हवी, छापील टिशूचा रंग उलट कापडाला लागतो, आणि टेबल पॉलिशचं असेल तर खाली स्टीलचं ताट ठेवा) आणि डागाची बाजू खाली येईल असं कापड त्यावर पालथं घाला. आता मागच्या बाजूने कापसाने ॲसिटोन लावायचं, दाबायचं, उचलायचं, परत दाबायचं. सुरुवात डागाच्या कडेपासून आणि जायचं मधे, म्हणजे डाग बाहेर सरकत नाही. खालच्या टिशूवर रंग उतरलेला दिसेल, दिसला की लगेच टिशूची कोरडी जागा डागाखाली सरकवा, कापूसही बदला. लोक नेमकं हेच विसरतात, तोच रंगलेला कापूस परत परत फिरवतात आणि मग डाग मोठा झाला म्हणतात. मोठ्या डागाला पंधरा-वीस वेळा टिशू बदलावा लागू शकतो, कंटाळा येतो पण टिशूवर रंग उतरतोय तोपर्यंत थांबू नका.

रिमूव्हर शक्यतो साधा, बिनरंगाचा घ्या. नखांसाठीच्या रिमूव्हरमध्ये ग्लिसरीन, तेल, सुगंध, कधी गुलाबी-निळा रंग असतो आणि त्याचाच नवा डाग पडतो. नुसतं ॲसिटोन मिळालं तर सगळ्यात उत्तम. ते काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीतच ओता, थर्माकोलच्या कपात ओतलंत तर कप विरघळून सगळं टेबलावर येईल.

टिशूवर रंग यायचा थांबला की तो भाग थंड पाण्याने खळखळून धुवा, लिक्विड डिटर्जंट किंवा भांडी घासायचं लिक्विड लावून दहा मिनिटं ठेवा आणि मग नेहमीसारखं धुवून हवेवर वाळवा. डाग पूर्ण गेलाय हे दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय ड्रायर नाही आणि इस्त्री नाही, उष्णतेने उरलेला डाग पक्का बसतो, आणि कापडात ॲसिटोन राहिलं असेल तर पेट घेण्याची भीती वेगळीच. कधी कधी पापुद्रा जातो पण फिकट गुलाबी छटा उरते. कापड पांढरं सुती असेल तर ते पूर्ण धुवून वाळवल्यानंतर, परत सांगते नंतरच, ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात भिजत घाला. क्लोरीनचं ब्लीच आणि ॲसिटोन एकत्र कधीच येऊ द्यायचं नाही, त्यातून क्लोरोफॉर्म तयार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही ॲसिटोनमध्ये मिसळायचं नाही, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

ॲसिटोन 56 अंशाला उकळतं पण त्याची वाफ त्याच्या खूप आधी, अगदी शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, आणि आपण तर फरशीवर बसूनच हे काम करतो. म्हणून खिडक्या उघड्या, शेगडी-उदबत्ती-मेणबत्ती काही पेटलेलं नको, मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. वापरलेला कापूस लगेच कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, आधी घराबाहेर मोकळ्या हवेत सुकू द्या.

सोफा, गादी आणि गालिचा यांचं अवघड असं की खाली टिशू घालता येत नाही, सगळं वरूनच करायचं. इथे ॲसिटोन थेट ओतणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, ते खाली झिरपतं आणि गालिच्याच्या पाठीमागचा गोंद किंवा सोफ्यातला फोम खराब करतं. आधी खरवडा, निघालेले कण व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुरुवात करा, म्हणजे तेच जे रबिंग अल्कोहोल म्हणून मिळतं. ते ॲसिटोनपेक्षा हळू काम करतं, पापुद्रा विरघळण्यापेक्षा मऊ पडतो, पण बऱ्याच कापडांना ते सौम्य असतं. फडक्याला लावा, डागावर दहा-वीस सेकंद दाबून धरा आणि लगेच दुसऱ्या हाताने कोरडं फडकं दाबा. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. अर्ध्या तासाने काहीच हललं नाही तर मग कोपऱ्यात टेस्ट करून कॉटन बडने ॲसिटोन, तेही थेंबाथेंबाने. सोफ्याच्या लेबलवर अक्षर असेल तर ते आधी बघा, डब्ल्यू म्हणजे फक्त पाण्याचं क्लीनर, एस म्हणजे सॉल्व्हंट चालेल, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स असेल तर फक्त व्हॅक्यूम, घरी काही प्रयोग नकोत.

लेदरवर ॲसिटोन नको, वरचा रंग आणि कोट निघून पांढरट चट्टा पडतो आणि तो डागापेक्षा वाईट दिसतो. पूर्ण सुकू द्या आणि नखाने कडेकडेने पापुद्रा उचलायचा प्रयत्न करा, फिनिश केलेल्या लेदरवरून पुष्कळदा निघतो. रेशीम आणि लोकर यांचा धागा ॲसिटोनने विरघळत नाही पण त्यांचा रंग आणि चमक जाऊ शकते, माझं मत विचाराल तर महागाच्या रेशमी कपड्यावर घरी हात चालवू नका.

काच, चिनीमातीच्या टाइल्स आणि स्टील यांचं काम सोपं, ॲसिटोनचा कापूस मिनिटभर ठेवा आणि पुसून घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुवा. टाइल्सच्या मधल्या फटीत रंग शिरला असेल तर बेकिंग सोडा आणि ॲसिटोनची पेस्ट भरा, वर क्लिंग फिल्म घाला, दोन-तीन तास राहू द्या, सोडा रंग ओढून घेतो. मार्बल, ग्रॅनाइटलाही हीच पेस्ट चालते, फक्त वरचा सीलर, म्हणजे दगडावरचा संरक्षक थर, नंतर परत लावावा लागू शकतो. मार्बलवर लिंबू किंवा व्हिनेगर मात्र लावू नका, त्याने नेलपॉलिश जात नाहीच आणि दगडाची चकाकी जाते.

लाकडी टेबलाचं वॉर्निश किंवा लॅकर ॲसिटोनने विरघळतं, आणि शेलॅकचं जुनं पॉलिश तर अल्कोहोलनेही विरघळतं. इथे सॉल्व्हंट न लावता काम करायचं. जुनं प्लास्टिकचं कार्ड आडवं धरून पापुद्र्याखाली सरकवा, जेवढं निघेल तेवढं काढा, उरलेल्या पातळ थरासाठी 0000 नंबरचं अगदी बारीक स्टील वूल थोड्या फर्निचर वॅक्समध्ये बुडवून लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हलक्या हाताने फिरवा, आणि मग सगळ्या टेबलाला वॅक्स लावून एकसारखं करा. व्हिनाइलची फरशी ॲसिटोनने मऊ पडते, तिथे अल्कोहोलच. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस अशा प्लास्टिकवरही ॲसिटोनने पांढरं धुकं किंवा बारीक तडे येतात, म्हणजे चष्म्याच्या काचा, रिमोट, की-बोर्ड यांच्यापासून ते लांब ठेवा. भिंतीवरचा डाग हळूच खरवडा आणि तेवढ्या जागेला रंगाचा हात मारा, कारण सॉल्व्हंटने भिंतीचा रंगही सोबत निघतो आणि चट्टा मोठा होतो.

हे सगळं साध्या नेलपॉलिशचं. जेल पॉलिश यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली पक्कं होतं, त्यातले रेणू एकमेकांत घट्ट जोडले जातात म्हणून ते परत पातळ होत नाही, ॲसिटोनने फक्त फुगतं आणि मऊ होतं. सुती कापडावर असेल तर ॲसिटोनचा कापूस ठेवून वर फॉइल झाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मऊ झालेला थर खरवडा, दोन-तीनदा करावं लागेल. धाग्यांच्या आत शिरलेलं जेल मात्र बहुतेक वेळा पूर्ण निघत नाही.

ड्रायक्लीनरकडे न्यायचं ठरवलं तर डाग नेलपॉलिशचा आहे, साधं की जेल, आणि तुम्ही त्यावर आतापर्यंत काय काय लावलंय हे त्याला न लाजता सगळं सांगा, त्यावरूनच तो पुढचं केमिकल निवडतो.