ईमॅक्स लिस्पमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने मजकूर बदलताना

एका ग्रंथसूचीच्या फायली नीट करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिच्यातील तारखा '१५/८/१९४७' अशा लिहिलेल्या होत्या आणि क्रमवारी लावता यावी म्हणून त्या '1947-08-15' अशा हव्या होत्या. मी ईमॅक्स हा मजकूर-संपादक वापरत असल्याने त्याच्या लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतील 'रिप्लेस-रेगएक्स्प-इन-स्ट्रिंग' हे फंक्शन निवडले. ते आधी नमुना (म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, शोधायचा मजकूर कसा दिसतो ते सांगणारी चिन्हांची मांडणी), मग त्याच्या जागी ठेवायचा मजकूर आणि शेवटी मूळ स्ट्रिंग, म्हणजे मूळ मजकूर, घेते. मूळ स्ट्रिंगला ते हात लावत नाही, नवी स्ट्रिंग परत देते. म्हणून उत्तर एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवले नाही, तर केलेले काम वाया जाते.

पहिल्या प्रयत्नात मी ग्रुपच्या, म्हणजे नमुन्याचा एक भाग वेगळा धरून ठेवणाऱ्या, कंसांआधी एकच बॅकस्लॅश दिला. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, फक्त तारीख जशीच्या तशी परत आली. कारण समजायला बराच वेळ लागला. आपण लिहिलेली स्ट्रिंग आधी लिस्प वाचते आणि तो एकटा बॅकस्लॅश तिथेच गळून पडतो. नंतर रेग्युलर एक्स्प्रेशनला नुसता कंस मिळतो, आणि ईमॅक्समध्ये नुसता कंस म्हणजे मजकुरातला खराखुरा कंस. तारखेत कंस नसल्याने काहीच जुळत नाही. योग्य नमुना असा आहे:

"\\([०-९]+\\)/\\([०-९]+\\)/\\([०-९]+\\)"

नमुना सुधारला, पण बदली मजकुरात, जिथे बॅकस्लॅश आणि अंक मिळून त्या क्रमांकाचा ग्रुप दाखवतात, मी तीच चूक ठेवली आणि "\3-\2-\1" असे लिहिले. या वेळी जुळणी झाली, मात्र आकड्यांच्या जागी न दिसणारी नियंत्रण-चिन्हे आली, कारण लिस्पच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतरचा अंक हा अष्टमान संकेतांक समजला जातो. "\\3-\\2-\\1" असे लिहिल्यावरच वर्ष, महिना आणि दिवस आपापल्या जागी आले. नवशिक्यांनी ही दोन वाचने मनात वेगळी ठेवावीत असे मला कळकळीने वाटते, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला इथेच सापडले.

मराठी मजकुरासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ईमॅक्समधील अंकांचा तयार वर्ग फक्त 0 ते 9 ओळखतो, देवनागरी अंक ओळखत नाही. म्हणून [०-९] असे स्पष्ट लिहावे लागते. स्ट्रिंगची संख्या करणारे फंक्शनही '८' ला शून्य समजते. त्यामुळे मी आधी अंकांचे रूपांतर केले. बदली मजकुराच्या जागी फंक्शनही देता येते आणि जुळलेला तुकडा त्याला मिळतो. '०' चा संकेतांक 2406 आणि '0' चा 48 असल्याने, प्रत्येक अंकाच्या संकेतांकातून 2358 वजा करणे एवढेच त्या फंक्शनचे काम होते. त्यानंतर नमुन्यात [0-9] वापरून, दुसऱ्या फंक्शनने महिना आणि दिवस दोन आकडी केले. अशा फंक्शनमध्ये ग्रुपचा मजकूर काढताना मूळ पूर्ण स्ट्रिंग देऊ नये, हाती आलेला तुकडाच द्यावा. नाहीतर भलत्याच जागची अक्षरे मिळतात.

रोमन अक्षरांच्या नोंदींत बदली शब्दही आपोआप कॅपिटल होतो, कारण जुळलेल्या मजकुराची धाटणी तो उचलतो. ते नको असल्यास फंक्शनला चौथा अर्ग्युमेंट, म्हणजे चौथी किंमत, द्यावा.

शेवटी सूचीतील 'पृ.' या संक्षेपाच्या जागी 'पृष्ठे' घालायचे होते. नमुन्यातील टिंबाचा अर्थ कोणतेही एक चिन्ह असा होत असल्याने 'पृथ्वी' या शब्दातील 'पृथ' जुळले आणि शब्दाचे 'पृष्ठे्वी' झाले. ठरावीक मजकूर बदलायचा असेल तेव्हा रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजच नसते. ईमॅक्स २८ पासून त्यासाठी 'स्ट्रिंग-रिप्लेस' हे साधे फंक्शन उपलब्ध आहे आणि हा संक्षेप मी अखेर त्यानेच बदलला.